जंतूबाईंचं प्रोटीन

आमच्या बाई सकाळी प्रयोगशाळेत आल्या की आधी माणसांकडे बघतच नसत. पिशवी खुंटीला, चपला दाराशी आणि तडक इन्क्युबेटरपाशी. रात्रभर उबेत हलत राहिलेला फ्लास्क बाहेर काढायचा, त्यातलं गढूळ पाणी खिडकीच्या उजेडात धरायचं आणि विचारायचं, "उठले का रे पोट्टेहो? जेवले, का नुसते लोळले?" त्या पाण्यात असायचे जंतू. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतात त्याच जातीचे, साधेसुधे. आम्ही दोघीतिघी मागे ओढणी तोंडाशी धरून हसायचो. बाईंना ते कळायचं. मान न वळवता त्या म्हणायच्या, "हासा, हासा. तुमच्यापक्षा हे बरे. सांगतलेलं काम तरी करतेत."

कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना जंतूबाईच म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. एकदा एका नव्या पोराने उशिरा येऊन दारातूनच विचारलं, "जंतूबाई, आत येऊ का?" झालं, अख्खा वर्ग बाईंकडे बघायला लागला. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "ये. पण हात धुऊन ये." तो पोरगा बिचारा खरंच हात धुऊन आला.

मी भद्रावतीची. वडील फॅक्टरीत, आम्ही कॉलनीत वाढलेले. एम.एस्सी. झाले आणि घरचे बी.एड.साठी हात धुऊन मागे लागले. पोरीच्या जातीला मास्तरकी बरी, हे आमच्याकडचं ठरलेलं शास्त्र. तेवढ्यात बाईंच्या प्रकल्पात सहायक हवी असल्याचं कळलं. मी सकाळच्या एसटीने चंद्रपूर गाठलं. मुलाखत म्हणून बाईंनी मला एक घाणेरडा फ्लास्क दिला आणि म्हणाल्या, "धू." मी धुतला. त्यांनी तो उजेडात धरला, नाकाशी नेला. "पुन्हा धू." तिसऱ्यांदा धुतल्यावर मान डोलावली. तीच माझी नेमणूक.

दिसायला बाई अगदीच साध्या. बुटक्या, सावळ्या, घट्ट अंबाडा, सुती लुगड्यासारखी नेसलेली साडी आणि तिच्यावर पांढरा ॲप्रन. चंद्रपुरात पांढरा ॲप्रन वापरणं म्हणजे कोळशाच्या धुळीशी रोजचं भांडण. खिडकीतून ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसायच्या आणि दुपारपर्यंत चौकटीवर काळी साय धरायची. बाई दर तासाने स्पिरिटच्या बोळ्याने टेबल पुसायच्या आणि बोळा मला दाखवायच्या. "पाह्य. हे आपण श्वासात घेऊन राह्यलो." मग तो बोळा डब्यात टाकून कामाला लागायच्या. तक्रार अशी नव्हतीच ती. परिस्थिती सांगितली, एवढंच.

बोलणं मात्र पक्कं झाडीपट्टीचं, आणि ते त्यांनी कुणासाठीही बदललं नाही. पुण्याच्या परिषदेतही त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी जे सांगून राह्यली ते नीट आयका." समोरच्या रांगेत दोघं हसले. बाई थांबल्या, त्यांचं हसणं संपू दिलं आणि पुढं सुरू झाल्या. मला मेलीला लाज वाटत होती. त्यांना काहीच वाटत नव्हतं.

आणि मच्छरदाणी! परिषद असो, लग्न असो, कुणाचं तेरावं असो, बाईंच्या पिशवीत घडी केलेली मच्छरदाणी असणारच. डिसेंबरच्या थंडीतसुद्धा त्या तिच्यातच झोपायच्या. माझ्या बहिणीच्या लग्नात आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये, पन्नास बायका सतरंजीवर आडव्या झालेल्या असताना, बाईंनी खिडकीच्या गजाला आणि माझ्या मावशीच्या ट्रंकेला दोऱ्या बांधून आपला तंबू ठोकला. मावशी कुजबुजली, "काय बाई तरी, राणीसाहेब!" मी तिला गप्प केलं. का, ते मला तोवर कळलेलं होतं. ते तुम्हालाही आधीच सांगून टाकते, कारण त्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

आमचा प्रकल्प हिवतापाचा होता. हिवतापाचा जो परजीवी रक्तात शिरतो, त्याच्या एका प्रोटीनचा तुकडा आम्हाला जंतूंकडून बनवून घ्यायचा होता. एका दुपारी बाई फ्लास्क धूत होत्या. मी सहज विचारलं, "बाई, जगात एवढी प्रोटीनं पडली आहेत, हेच काऊन जी?"

बाईंनी नळ बंद केला नाही. पाण्याच्या आवाजातच त्यांनी सगळं सांगितलं. अठराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं होतं. सासर भद्रावतीकडचं, नवरा कोळशाच्या खाणीत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. म्हणून सातव्या महिन्यात त्यांची आई त्यांना न्यायला आली आणि ऐन पावसाळ्यात मुलचेऱ्याच्या पुढच्या आपल्या गावी, जंगलाच्या कडेला घेऊन गेली. तिथं त्यांना थंडी वाजून ताप भरू लागला. दवाखान्यात बोटातलं रक्त काचेवर घेतलं. रक्त साफ निघालं. हिवताप नाही म्हणाले, साध्या तापाच्या गोळ्या दिल्या. महिनाभरात पोर झालं. मुलगा होता. रडलाच नाही.

सासरचे आले ते भांडायलाच. गावात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की पोटुशी पोरगी रोवण्याच्या चिखलात उतरली होती. ते खरंही होतं. सगळ्या पोरी धान रोवत होत्या म्हणून बाईंनी हौसेनं दोन मुठी रोप लावलं होतं आणि आई बांधावर बसून कौतुकानं बघत होती. "माहेरी नेऊन पोर खाल्लं," असं सासू भर अंगणात म्हणाली आणि सुनेला न घेताच निघून गेली. नवऱ्याने वर्षभरात दुसरी केली. बाई शिकल्या, नोकरीला लागल्या, एकट्या राहिल्या.

"मले काई नाई वाटत आता," बाई म्हणाल्या. "पण माही माय त्या दिवसापासून बांधीत, धानाच्या चिखलात, उतरली नाई. एवढी शेती, पण तिनं रोवण्याले पाय टाकला नाई. तिले वाटते, तिनं मले थांबवलं असतं तं पोरगं वाचलं असतं."

मग त्यांनी मला ते प्रोटीन समजावून सांगितलं. बाई पोटुशी असली की हा परजीवी पोराला पोसणाऱ्या तिच्या वारेत जाऊन चिकटून बसतो. बोटातल्या रक्तात दिसतच नाही. काच साफ, आणि आत पोराचं अन्न तोडणं चालू. ज्या प्रोटीनच्या जोरावर तो चिकटतो, त्याची आठवण त्या बाईच्या रक्तात पुढं कित्येक वर्षं राहू शकते. पुरुषाच्या रक्तात ती सहसा नसते, कधी पोटुशी न राहिलेल्या बाईच्याही नसते. "ते प्रोटीन नीट बनलं, का मी माह्या रक्ताले विचारीन, तवा काय झालतं? आणि माय हाय तोवर तिले जाऊन सांगीन. बाकी जगाचं भलं झालं तं होऊ दे." असं म्हणून त्यांनी फ्लास्क पालथा घातला आणि मला तास घ्यायला पिटाळलं.

आता अडचण काय होती, ती सांगते. प्रोटीन बनवायची कृती जीनमध्ये लिहिलेली असते, तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत. एकाच गोष्टीला चार-चार, सहा-सहा शब्द असतात, आणि प्रत्येक जिवाचे वापरातले शब्द वेगळे. परजीवीचे शब्द आमच्या जंतूंच्या फारसे वापरातले नाहीत. त्याचा जीन जसाच्या तसा त्यांच्या पोटात घातला तर ते अडखळतात, अर्ध्यात सोडून देतात. बाई हे शिकवताना दर वर्षी एकच गोष्ट सांगत. "मी पुण्यात भाजीवाल्याले म्हटलं, एक जुडी सांबार दे. तो म्हणे, बाई, हाटेलात जा. अरे, समोर पडून हाय की सांबार! मंग कोणतरी म्हणे, कोथिंबीर म्हणा. म्हटलं, लगेच देल्ली. माल तोच. दुकानदाराच्या वापरातला शब्द पायजे."

तर आम्ही त्या जीनमधला एकूणएक शब्द बदलून जंतूंच्या आवडीचा घातला. अर्थ तोच, शब्द त्यांचे. असा नव्याने लिहिलेला जीन एका कंपनीकडून बनवून मागवला. बोटाच्या पेराएवढी नळी आणि तिच्या तळाशी न दिसणारा कण. कुरिअरवाल्याने डबा हलवून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, खाली दिसते जी. आत काईच नाई." बाई म्हणाल्या, "खाली नाई रे बाबा. माहा जीव हाय त्यात."

जंतूंनी आमच्यावर कृपाच केली. आठवड्याभरात, प्रोटीनं वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर जाडजूड पट्टा उमटला, बोटाएवढा. मी उड्या मारल्या. कँटीनमधून समोसे आले. बाईसुद्धा "शाबास रे पोट्टेहो" म्हणाल्या आणि अर्धा समोसा खाल्ला. दुसऱ्या दिवशी जंतू फोडून ते पाणी गरगर फिरवलं, तर सगळं प्रोटीन पांढऱ्या गोळ्यासारखं तळाशी बसलं. पाण्यात थेंबभर उतरलं नव्हतं. बाईंनी नळी तिरपी करून पाहिली. "पिठल्याच्या गुठळ्या झाल्या, पोरी. सारं बेसन एका दमात टाकलं आपण."

तरी तो गोळा औषधात विरघळवून आम्ही चाचणी करून पाहिली. मुलचेऱ्याकडच्या एका नर्सताईंनी आपणहून रक्त दिलं होतं. त्यांना गरोदरपणी हा ताप झाल्याचं पक्कं ठाऊक होतं. त्यांचं रक्त, बाईंचं, माझं आणि आमच्या शिपायाचं, प्लेटच्या चार रकान्यांत त्या प्रोटीनवर घातलं. ज्यात ती आठवण असेल तिथं निळा रंग यायचा. कुठंच आला नाही. बाई रकान्याकडे बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "नर्सताईचंही नाई आलं ना? म्हणजे हे उत्तर नोहे. आपण विचारलंच चुकीचं. प्रोटीनची घडी म्हंजे त्याचा चेहरा. घडी मोडलेलं दाखवलं तं रक्तानं ओळखावं कसं?" आवाज रोजचाच होता, पण त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

नेमकी त्याच सुमारास प्रकल्पाची पाहणी करायला वरून मंडळी आली. त्यातल्या एका साहेबांना जेलवरचा जाड पट्टा फार आवडला. ते म्हणाले, "मॅडम, प्रोटीन तर भरपूर मिळालंय! तसंच लिहा ना. मुदतवाढ सहज मिळेल." बाई म्हणाल्या, "गोळा मिळाला साहेब, प्रोटीन नाई." साहेब हसले, "अहो, लिहिण्याची पद्धत असते." बाई हसल्या नाहीत. "चाचणी बोलली तेवढंच आपण बोलावं. तिच्या तोंडात आपला घास कायले कोंबायचा?" त्यांनी अहवालात साध्या शब्दांत लिहिलं, की प्रयत्न फसला. मुदतवाढ मिळाली नाही. मी त्यांच्यावर भयंकर चिडले. दोन दिवस अबोला धरला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, इतक्या त्या कामात होत्या.

आणि काम काय, तर भिंतीवर कागद चिकटवणं! परजीवीचा मूळ जीन त्यांनी छापून घेतला आणि लांबच लांब पट्ट्या करून भिंतीला लावला. जे शब्द स्वतः परजीवीलाही अवघड जातात, त्यांच्या खाली तांबडी पेन्सिल. काही दिवसांनी मला बोलावून म्हणाल्या, "पाह्य, सारीकडे सारखं तांबडं नाई. इथी झुंबड हाय, मंग मोकळं, मंग पुन्हा झुंबड." प्रोटीन विणणारं पेशीतलं यंत्र अवघड शब्दापाशी जरा थबकतं, आणि तेवढ्या वेळात आधी विणलेला भाग आपली घडी घालून घेतो. आम्ही लिहिलेल्या जीनमध्ये थबकायला जागाच ठेवली नव्हती. सगळं सुसाट. मी म्हटलं, "बाई, केवढं डोकं चालवलंत!" तर म्हणाल्या, "हे माहं डोकं नोहे. दुसऱ्याईनं आधीच सांगून ठेवलं हाय. मी वाचलं उशिरा."

मग पुन्हा सगळं लिहिलं. परजीवी जिथं धावतो तिथं जंतूंनी धावावं, तो जिथं थांबतो तिथं त्यांच्याही दृष्टीने अवघड शब्द घालून त्यांना थांबवावं. प्रकल्प बंद झालेला. मी कॉलेजात तासांवर शिकवत टिकून राहिले होते, आणि नवी नळी बाईंनी स्वतःच्या पगारातून मागवली. शिवाय जंतूंना आता थंडीत, हळूहळू वाढवायचं होतं, आणि आमचं चंद्रपूर! मे महिन्यात डोक्यावर ओला रुमाल टाकल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही तिथं. खोलीचा एसी धापा टाकून बंद पडला. तीनदा जंतू उबले, तीनदा गुठळ्या. बाई म्हणाल्या, "राहू दे. हिवाळ्यात पाहू."

पण गावाकडे त्यांची आई खंगत चालली होती. रोज संध्याकाळी बाई फोन लावायच्या, भावजय म्हातारीच्या कानाला धरायची. "जेवली का माय?" एवढंच विचारायच्या आणि पलीकडचं ऐकत राहायच्या. दिवाळीनंतर म्हातारीने खाट धरली. एके दिवशी फोन ठेवून बाई म्हणाल्या, "रोवण्याचंच बोलून राह्यली. म्हणते, वर गेली तं नातवाले काय तोंड दाखवू." मी त्यांच्यासाठी चहा सांगितला. त्यांनी तो निवू दिला आणि उठून फ्लास्क बघायला गेल्या. त्या दिवशी त्या जंतूंशीही बोलल्या नाहीत. नुसत्या काचेवर हात ठेवून उभ्या होत्या.

पौषात थंडी चांगली पडली. यावेळी जेलवरचा पट्टा अगदी फिकट होता, पण गरगर फिरवल्यावर तळाशी जवळजवळ काही बसलं नाही. प्रोटीन पाण्यात होतं. थोडकं, पण घडी घातलेलं. पुन्हा तीच चार रक्तं. माझा रकाना पांढरा. शिपायाचा पांढरा. नर्सताईंचा निळा झाला. आणि बाईंचाही हळूहळू निळा झाला, चांगला दाट. मी रडायला लागले. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. म्हणाल्या, "एवढंच कळलं, का तवा मले तो ताप होता आणि तो वारेत बसला होता. पोरगं त्यानंच गेलं, हे ही प्लेट सांगत नाई." मी म्हटलं, "बाई, आता तरी!" तेव्हा कुठं त्या हसल्या. "मायसाठी इतकं पुरे हाय. उद्या सकाळची गाडी पकडू. तू ये संग."

त्या प्रवासाचं सांगण्याआधी पुढचं उरकून टाकते. आमच्या त्या प्रोटीनचा नमुना एका मोठ्या संस्थेत गेला. तिथं त्याच्यावर काम चालू आहे म्हणतात. बाई निवृत्त झाल्या आणि आमची प्रयोगशाळा मोडून तिथं संगणकाचा वर्ग आला. मी हैदराबादला एका कंपनीत लागले. हेच काम करते, जंतूंच्या वळणाचे शब्द लिहायचं. इथं सगळं थंडगार, सगळं झटपट, आणि फ्लास्कशी कुणी बोलत नाही. बाई मागच्या वर्षी गेल्या. झोपेतच गेल्या, असं शेजारणीने फोनवर सांगितलं. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. खूप माणसं होती म्हणे. सगळे जुने विद्यार्थी. मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं. पण बाई म्हटलं की मला त्यांचं जाणं आठवत नाही, मुलचेऱ्याचा तो दिवस आठवतो.

आम्ही पोचलो तेव्हा म्हातारी अंगणात उन्हाला खाटेवर पडली होती. मुठीएवढी झालेली. बाई खाटेच्या काठावर बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि वर्गात सांगायच्या तसं सावकाश सगळं सांगितलं. ताप होता, माय. बोटातल्या रक्तात दिसला नाई, कारण तो वारेत लपला होता. आता मी त्याले पकडलं. माह्या रक्तात त्याची खूण हाय, ह्या पोरीनं डोळ्यानं पाह्यली. चिखलात उतरल्यानं काई नाई झालं. वाकल्यानं काई नाई झालं. तुही काई चूक नाई.

म्हातारी ऐकत होती. सगळं कळत होतं तिला, नजर अगदी स्वच्छ होती. मग म्हणाली, "ताप कशानं येते वं?"

"मच्छरानं, माय."

"मंग तो मच्छर तं इथलाच ना, बाई." म्हातारीचा आवाज कापायला लागला. "तिकडं तुह्या सासरी कुठी होता असा ताप? तू चांगली होती तिथी. मीच तं तुले इथी आणली."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. चुलीपाशी भावजय हातातलं काम थांबवून बघत होती. मला कळलं, की हे बाईंच्या कधी मनातच आलं नव्हतं.

मग बाई म्हणाल्या, "नाई माय. मच्छर तिकडचा होता. भद्रावतीचा. तेही चाचणीत दिसते."

"दिसते?"

"हो. पक्कं दिसते. मी येतानाच ताप अंगात घेऊन आली होती. तू आणली नसती तं तिकडंच झालं असतं जे झालं ते."

म्हातारीने मान माझ्याकडे वळवली. "खरं का वं पोरी?"

"हो जी, आजी," मी म्हटलं. "मी पाहिलं."

तिने डोळे मिटले. ओठ हलत होते. "त्याईले सांगतलं का?" तिने विचारलं. सासरच्यांना, म्हणजे. सासू मरून जमाना झाला होता आणि नवराही गेला होता. बाई म्हणाल्या, "सांगतलं. सासू रडली, माय. चूक झाली म्हणे." म्हातारीने बाईंचा हात ओढून आपल्या गालाखाली घेतला आणि तशीच झोपी गेली. हात सोडवून घेता येईना म्हणून बाई दुपार होईतो वाकून बसून राहिल्या.

म्हातारी त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात गेली. भेटीच्या त्या दिवशी आम्ही दुपारच्या गाडीने परत निघालो. आष्टीचा पूल आला तेव्हा खाली वैनगंगेकडे बघत त्या म्हणाल्या, "मच्छर इथलाच होता, पोरी."

"माहीत आहे, बाई."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि चंद्रपूर येईपर्यंत त्या रडत होत्या. मी त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.